पट्टीखालचा पक्षी

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाल्या, संगीताताई, तुम्ही इतकी वर्षं परदेशातली पुस्तकं टाइप केलीत, त्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि असा काही राग आला की अर्धी जुडी देठांसकट चिरून टाकली. घरच्यांनी ती भाजी मुकाट्याने खाल्ली.

गमती होत्या, नाही असं नाही. दोन-तीन सांगते, कबूल केलंय म्हणून. पण एक पिवळी चिठ्ठी नऊ वर्षं माझ्या कपाटात साड्यांच्या खाली पडून होती. ती सोडून बाकीचं सगळं लिहायचं म्हणजे पुन्हा एकदा खोटं बोलायचं. एकदा बोलले तेवढं पुरे झालं. तेव्हा हलकंफुलकं हवं असेल त्यांनी पान उलटावं, अंकात पाककृतीही असतीलच.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते, कारण ते माझ्या सख्ख्या भावालाही कधी कळलं नाही. तो सगळ्यांना सांगायचा, ताई कंप्युटरमध्ये आहे. अंधेरीला एमआयडीसीत, बटणांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. परदेशातले प्रकाशक त्यांची जुनी जाडजूड पुस्तकं स्कॅन करून पाठवायचे आणि आम्ही ती अक्षर न् अक्षर टाइप करून द्यायचो. शब्दकोश, कायद्याची पुस्तकं, चर्चची गाणी, जनावरांच्या रोगांच्या याद्या. यातली एकही भाषा आम्हाला यायची नाही, आणि यायला नकोच असायची. भाषा येणारा माणूस अर्धा शब्द बघतो आणि उरलेला मनाने टाइप करतो. आम्हाला मन नव्हतंच. आम्ही अक्षराचा आकार बघायचो आणि बोट मारायचो.

भिंतीवर मोठा बोर्ड होता, दिसतं तसं. मूळ पुस्तकात चूक असेल तर चूकच टाइप करायची. शहाणपणा करायचा नाही. एकदा एका इंग्रजी पुस्तकात मी एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं, तर त्या गिऱ्हाइकाने कळवलं की ती चूक दोनशे वर्षांची आहे आणि त्यांना ती जपायची आहे. मला दिवसभर कोणी चहाला बोलावलं नाही. दुसऱ्या एका प्रवचनांच्या पुस्तकात जुन्या वळणाचा स होता, तो थेट फ सारखा दिसायचा. आम्ही इमानदारीत आठशे पानं फ टाइप केला. त्या गिऱ्हाइकाची मेल आली, की आमच्या धर्मगुरूंना तुम्ही बोबडं का केलंत. झाली गंमत. अजून एक होती, जर्मन बाईच्या पाककृतींची, पण ती आता राहू दे.

कामाची मुख्य पद्धत समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रत्येक पान दोन माणसं टाइप करायची, एक ए-साइडला, एक बी-साइडला. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, एकमेकांचं बघायचं नाही. मग मशीन दोन्ही फाइली शेजारी ठेवून जिथे फरक तिथे लाल रंग दाखवायचं. तो लाल रंग सोडवायचं काम माझं. दोघांनी सारखंच टाइप केलं असेल तर ते बरोबर, कारण दोन माणसं एकाच जागी एकच चूक करत नाहीत. या एका गोष्टीचे गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायचं. आणि टाइप करणाऱ्याला काही शंका आली तर त्याने पिवळ्या चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यायची. मी 'पाहिले' लिहून सही करायची आणि प्रोजेक्ट मॅनेजर दीपक सरांच्या टेबलावर ठेवायची. ते गिऱ्हाइकाला विचारायचे. म्हणजे, विचारायला हवं होतं.

ए-साइडला रंजना परब होती. भांडुपची. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तसं घर चाळीतून डोंगरउतारावर गेलं. आम्ही दोघी एकाच महिन्यात लागलो होतो. मी मानखुर्दहून यायची, ती भांडुपहून, आणि डबा मात्र एकत्र. माझ्या डब्यातलं सुकट बोंबील तिचं, तिच्या डब्यातली सोलकढी माझी. आमच्याकडची काही माणसं दुसऱ्याचा डबा उघडताना आधी आडनाव आठवायची. रंजनाला ते कधी सुचलंच नाही.

आणि ती शिट्टी वाजवायची. साधीसुधी नाही. ओठांची, जिभेची, दोन बोटांची, सगळ्या प्रकारची. वडिलांनी शिकवलेली. टाइप करता करता बारीक आवाजात चालू असायची आणि तिची बोटं त्या चालीवर पळायची. सगळ्या मजल्यावर तिचा वेग जास्त आणि चुका कमी. दीपक सरांनी दोनदा बोलावून सांगितलं, बाईमाणसाला शोभत नाही, क्लायंट आला तर काय म्हणेल. ती म्हणाली, बरं सर. आणि जागेवर येऊन पुन्हा सुरू.

क्लायंट आला आणि काय म्हणाला ते ऐका. आयर्लंडच्या भाषेचा एक जुना शब्दकोश आमच्याकडे आला होता. मोठं काम, वर्षभराचं. सुरुवातीला आम्हाला समजवायला त्यांच्या संपादकांपैकी एक बाई आल्या, नोरा नाव. साठीच्या, पांढरे केस कापलेले, पायात सपाट बूट. त्या खोलीत शिरल्या आणि रंजनाची शिट्टी चालू. दीपक सर पांढरेफटक. नोराबाई थांबल्या, ऐकलं, आणि पर्समधून पत्र्याची एक छोटी बासरी काढून तीच चाल वाजवली. मग फळ्यावर एक शब्द लिहिला. फॅडोग. म्हणाल्या, आपण याच शब्दापासून सुरू करू, तुमच्या मैत्रिणीमुळे. याचा अर्थ शिट्टी.

आम्हाला अर्थ सांगणारी ती पहिलीच बाई. इतरांनी कधी सांगितला नव्हता, आम्ही विचारलाही नव्हता. त्या दिवशी दोन तास आम्ही माणसांसारखे बसलो. फॅडोग म्हणजे वाजवायची वस्तू. पंचाच्या तोंडातली तीही फॅडोग, त्यांच्या हातातली पत्र्याची बासरी तीही फॅडोग. तोंडाने काढतो त्या आवाजाला वेगळा, आखूड शब्द. आणि ती लोकं शिट्टी मारत नाहीत, सोडतात. शब्द स्त्रीलिंगी. रंजनाने लगेच माझ्याकडे बघितलं, शिट्टी आपल्याकडेही स्त्रीलिंगीच की.

मग खरी मजा. नुसता शब्द असला तर फॅडोग. पण 'ती अमुक शिट्टी' म्हणायचं झालं की फ च्या पाठोपाठ एक ह येऊन बसतो, आणि त्यानंतर तो फ लिहायचा पण बोलायचा नाही. उरतं अ‍ॅडोग. 'आमची शिट्टी' म्हणायची तर फ च्या आधी दोन अक्षरं येतात आणि आवाज होतो व्हॅडोग. 'शिट्टीचा' म्हणताना पुन्हा शेपूट बदलते. शब्दकोशात या सगळ्या रूपांना जागा असते, कुठलंही रूप गळता कामा नये, असं बाईंनी बजावलं. रंजना म्हणाली, म्हणजे लग्न करून दिलेल्या पोरीसारखंच आहे, नाव कागदावर राहतं आणि तोंड बंद होतं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते नोराबाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

शेवटी म्हणाल्या, या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, पक्षी. ओल्या गवतात, चिखलात पळणारा, शिट्टीसारखा ओरडणारा. फोनवर चित्र दाखवलं. पाठीवर सोनेरी ठिपके. रंजना उठून उभीच राहिली. हा तर आमच्या खाडीत येतो, थंडीत, पंपिंग स्टेशनच्या मागे, बाबा मला दाखवायचे. अगदी तोच की त्याचा भाऊ ते मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून तो पक्षी रंजनाचा झाला. डबा खाताना विचारायची, एफ अक्षर कधी येणार गो? आपला पक्षी कधी येणार?

एफ यायला चार महिने लागले. तोवर काम मागे पडलं होतं. दीपक सरांनी वर शब्द दिला होता, माणसं मात्र कमी घेतली होती. मग त्यांनी शक्कल काढली. बी-साइड बंद केली. रंजनाने ए-साइडला टाइप केलेली फाइल त्यांनी घ्यायची, तिची नक्कल काढायची, नक्कलेत इथे-तिथे मुद्दाम चार चुका घालायच्या म्हणजे लाल रंग दिसेल, आणि तीच बी-साइड म्हणून लावायची. त्या मुद्दाम घातलेल्या चुका मी सोडवायच्या. हे मला माहीत होतं. रोज सकाळी येऊन मी खोट्या चुका खऱ्या असल्यासारख्या दुरुस्त करायची. रंजनाला सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं तिच्या पाठीशी अजून एक माणूस आहे.

आणि मग ते पान आलं. आयर्लंडच्या लोकांनी छापील पानांवर दुरुस्त्यांच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि एक पट्टी स्कॅन करताना खाली सरकली होती. तिच्याखाली चार-पाच ओळी झाकल्या गेल्या. अंदाज कोणालाही आला नसता, कारण पट्टीवरही छापील अक्षरंच होती आणि वरचं वाक्य पूर्ण वाटत होतं. दिसतं तसं टाइप करणारा माणूस सरळ पुढे गेला असता.

रंजना पुढे गेली नाही, कारण ती पक्ष्याची वाट बघत होती. फॅडोग आला, शिट्टी आली, बासरी आली, पंच आला, पक्षी नाही. ती चिठ्ठी घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आली, नेहमीसारखी चिठ्ठ्यांच्या पेटीत टाकली नाही. म्हणाली, संगी, बघ ना नीट, इथे काहीतरी झाकलंय. मी स्क्रीनवर पान मोठं करून बघितलं. पट्टीच्या कडेला एका अक्षराचा पाय दिसत होता. तिचं खरं होतं. मी सही केली आणि चिठ्ठी दीपक सरांकडे नेली.

त्यांनी नीट वाचलीही नाही. म्हणाले, पान परत मागवायचं म्हणजे तीन आठवडे. त्यात एका पानासाठी मागवलं की ते विचारणार बी-साइडने काय म्हटलं, मग काय दाखवू? लाल पेनाने खाली काहीतरी लिहिलं, चिठ्ठी माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाले, फाडून टाक. मी बाहेर आले. फाडली नाही. डब्याच्या पिशवीत घातली. फाडायचं धाडस नव्हतं आणि दाखवायचंही नव्हतं. रंजनाने संध्याकाळी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सर बघतायत.

पुस्तक छापून झालं. आणि मग तिकडे कोणाच्या तरी लक्षात आलं, की एफमध्ये शिट्टी आहे आणि पक्षी उडालाय. हसू नका. ज्या भाषेत बोलणारी माणसं दिवसेंदिवस कमी होतायत, तिच्या शब्दकोशातून एक अर्थ गळला तर तो परत कोण आणून ठेवणार, असं नोराबाईंनी पत्रात लिहिलं होतं. मी ते पत्र वाचलंय. छापलेल्या सगळ्या प्रती बाजूला काढाव्या लागल्या. नोराबाई दुसऱ्यांदा अंधेरीला आल्या, या वेळी एकट्या नाही, त्यांच्याबरोबर एक गोरा माणूस होता ज्याने आमच्या दोन्ही फाइली तपासल्या होत्या. त्याचं म्हणणं सरळ होतं. दोन माणसं एकाच जागी एकच चूक करत नाहीत. इथे तर शेकडो जागी दोन्ही फाइलींत एकच चूक आहे. एकीने दुसरीची नक्कल केली आहे.

आदल्या दिवशी दीपक सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर बसायची ती पहिलीच वेळ. म्हणाले, बी-साइडवाली मुलगी सोडून गेली असं मी सांगणार आहे, रंजनानेच तिला फाइल दिली, दोघींनी मिळून कामचुकारपणा केला. तुला एकच गोष्ट विचारतील, या पानाबद्दल शंका आली होती का. नाही म्हण. बाकी मी बघतो. मग त्यांनी माझ्या मुलीच्या बारावीची चौकशी केली. पुढच्या वर्षी टीम लीडची एक जागा निघतेय असंही म्हणाले.

धमकी नव्हती. धमकी असती तर आज मला सांगायला बरं झालं असतं. मी विकले गेले ते चहाच्या एका कपावर आणि खुर्चीवर. माझ्या आईने मानखुर्दला दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं, आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की ही नोकरी गेली तर मी आईला काय सांगू. रंजनाही कोणाची तरी मुलगीच होती, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. का आलं नाही याचं उत्तर नऊ वर्षं शोधतेय.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत आम्ही सगळे. नोराबाई, तो गोरा माणूस, दीपक सर, रंजना आणि मी. रंजना शांत होती. तिला खात्री होती. ती म्हणाली, मी चिठ्ठी दिली होती, संगीताला विचारा. आणि ती माझ्याकडे बघून हसली, डबा उघडताना हसायची तशीच.

नोराबाईंनी मला विचारलं, "या पानाबद्दल कोणी शंका विचारली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

चिठ्ठी त्या वेळी माझ्या पायाशी, डब्याच्या पिशवीत होती. मी ती अजून बाहेर काढली नव्हती.

रंजनाने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. तिने मान अशी जराशी वाकडी केली, आणि मग टेबलावर हात ठेवून उठली. नोराबाईंना तिने मराठीतच सांगितलं, "बाई, तो पक्षी मी सोडला नाही." त्यांना ते कळलं नाही, आणि मला कोणी भाषांतर करायला सांगितलं नाही. मी स्वतःहूनही केलं नाही.

तिला त्याच दिवशी काढलं. कारण लिहिलं, नक्कल. आमच्या धंद्यात हा शब्द म्हणजे दुकानातून माल चोरल्यासारखा, पुढे कुठेही उभं करत नाहीत. तिने चार ठिकाणी अर्ज केले, चारही ठिकाणांहून आमच्या ऑफिसात फोन आला. भांडुपला त्यांच्या वाडीतही पसरलं, की परबांची रंजना कामावरून काढली, काहीतरी लफडं केलं. तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत ते निघालं. हे मला तिसऱ्या माणसाकडून कळलं, कारण मी तिच्याकडे गेलेच नाही.

मला टीम लीड केलं. हो, केलं. खुर्ची फिरती मिळाली. दीपक सर पुढे दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर गेले, जाताना सगळ्यांसमोर म्हणाले की संगीता म्हणजे आमच्या प्रोसेसचा कणा. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. आज आठवलं की हात धुवावेसे वाटतात. त्या माणसावर मला राग आहे, भयंकर राग आहे. त्याने एका हुशार बाईचं नाव पुसलं आणि त्याला त्याचं काही वाटलंही नसेल, कदाचित तिचं आडनावही आता आठवत नसेल. ऑफिसवर राग आहे, ज्यांनी दोन माणसांचे पैसे घेतले आणि एकाच माणसाकडून काम घेतलं. त्या लोकांवरही राग आहे, ज्यांनी स्वतःच्याच हातून सरकलेली पट्टी तशीच पाठवली आणि मग अंधेरीला येऊन आम्हाला तपासलं. नोराबाई चांगल्या होत्या, पण त्यांनीही तो एक प्रश्न विचारून थांबायला नको होतं. रंजनाला एकदा शिट्टी वाजवायला सांगितली असती तरी त्यांना कळलं असतं की ही बाई शिट्टीच्या शब्दाशी बेइमानी करणार नाही. आणि सगळ्यात खाली, या सगळ्यांच्या खाली, माझ्यावर.

पुढे ते कामही गेलं. आता मशीनच पान वाचतं, मशीनच टाइप करतं. एका दुपारी केक कापून आम्हा सगळ्यांना घरी पाठवलं. केकवर नाव लिहिलं होतं, त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. मी दिसतं तसं खाल्लं.

यंदा संपादकबाईंचा फोन आला त्या आठवड्यात मी साड्या काढल्या, चिठ्ठी काढली आणि भांडुपला गेले. रंजना एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते, नंबर लावते. तिची आई गेली, वडीलही गेले. घर तेच. दार तिनेच उघडलं. केस पांढरे झालेत, बाकी तीच. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "आता कित्याक इलंस गो?"

आता कशाला आलीस. बरोबर विचारलं. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती खिडकीपाशी नेऊन वाचली. वाचायला वेळ लागावा एवढं त्यात काहीच नाही, तरी तिला वेळ लागला. मला वाटलं आता ती मला शिव्या घालेल, आणि मला त्या हव्या होत्या. तिने चिठ्ठी घडी करून परत माझ्या हातात ठेवली.

"मला वाटायचं, चिठ्ठी हरवली असेल," ती म्हणाली. "सरांनी फाडली असेल आणि तू घाबरली असशील. घाबरलेल्या माणसाला मी माफ केलं होतं गं. ही तुझ्याकडे होती हे मला माहीत नव्हतं."

मी म्हटलं, ठेव तुझ्याकडे. ती म्हणाली, नऊ वर्षं तुझ्या कपाटात होती, आता माझ्या कपाटात कशाला? मी म्हटलं, नोराबाईंचा पत्ता शोधते, त्यांना पाठवते. त्यावर ती पहिल्यांदा चिडली. म्हणाली, त्या बाईला काय करायचंय, ती तिकडे लांब. माझं नाव तिकडे खराब झालं नाही, इथे झालं. अंधेरीत झालं, या वाडीत झालं. इथल्या लोकांना सांग. मराठीत सांग. मी तिला अंकाबद्दल सांगितलं, गमतीजमती लिहायला सांगितल्यात तेही सांगितलं. ती हसली, पण ते हसू मला नको होतं. म्हणाली, मग लिही की, यापेक्षा मोठी गंमत कुठली?

चहा दिला नाही. मी मागितलाही नाही. निघताना म्हणाली, इथे रिक्षा मिळत नाही, थांब. खिडकीतून वाकून तिने दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी सोडली. खालच्या वळणावरची रिक्षा जागीच थांबली. मग तिने खिडकी लावून घेतली.

तिने सांगितलं तसं करतेय. चिठ्ठी खाली टाइप करून देते. ऱ्हस्वदीर्घ तिचे आहेत, शाई ज्याची त्याची आहे, संपादकबाईंनी कृपा करून काही सुधारू नये. दिसतं तसं.

*पान २१४, दुसरी कॉलम, खालून. फॅडोग मधे पक्षी नाही. नोराबाईनी सांगीतला होता. पट्टी चिकटवली आहे तिच्या खाली ओळी आहेत. मुळ पान मागवा. — रंजना परब, ए-साइड.*

त्याखाली लाल शाईत: *इग्नोर. पुढे पाठवा. — दीपक.*

आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत, निळ्या शाईत, बारीक, स्वच्छ अक्षरात: *पाहिले. — संगीता वाघमारे.*